तळहातावरची गोळी

(दृश्य: तळहातावर एक काडतूस)

हातात घेतलं तर वजन जाणवतही नाही. पॉइंट २२ लाँग रायफल, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलात ती पुरेल का, हा प्रश्न. १८८७ पासून चालत आलेलं काडतूस. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची.

पुंगळीचा तळ जवळून पाहा. मधोमध टिकली नाही. ठिणगी देणारं रसायन आतून कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. घडीत ते सगळीकडे सारखं पसरलं नसेल, तर चाप ओढूनही बार उडत नाही. मोठ्या काडतुसांत प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, वेगळा, मध्यभागी बसवलेला असतो. तिथे ही धास्ती खूप कमी. सरावात फुसकं काडतूस काढून दुसरं भरता येतं. अंगावर कोणी धावून येत असताना तेवढी सवड कुठली?

(दृश्य: जिलेटीनचा ठोकळा)

गोळी शरीरात किती खोल जाईल, याचा अंदाज घ्यायला हा ठोकळा. दहा टक्के जिलेटीन, बाकी पाणी. चार अंश सेल्सिअसला थंड केलेला, कारण ठोकळा कोमट झाला की गोळी जास्त खोल जाते आणि मोजमाप फसतं. आधी पोलादी छर्रा मारून त्याचा घट्टपणा तपासतात, मगच खरी गोळी.

ही चाचणी रुजली ती १९८६ च्या मायामी चकमकीनंतर. तिथे एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. हल्लेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती आणि तो लढतच राहिला. त्यातून निकष आला: किमान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर खोली.

आता पॉइंट २२. पिस्तुलाच्या आखूड नळीत तिला रायफलचा वेग मिळत नाही. टोकाला खळगा असलेली गोळी उमलली, तर वाटेतच अडते. न उमलता गेली, तर मागे दाभणासारखी बारीक वाट सोडते. समोरचा किती लवकर थांबला, स्वसंरक्षणात मोजायचं ते एवढंच. हृदय निकामी झालं तरी माणूस दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो.

झटका मात्र नावालाच. मोठं पिस्तूल ज्याच्या मनगटाला पेलतच नाही, त्याचाही नेम पॉइंट २२ च्या पिस्तुलावर टिकतो, आणि ही गोष्ट लहान नाही.

(दृश्य: ३० मार्च १९८१, वॉशिंग्टन)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर हल्ला. पॉइंट २२ चं रिव्हॉल्व्हर. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या. गोळी लागल्याचं रेगन यांना आधी कळलंच नाही. रुग्णालयाच्या दारातून ते चालत आत गेले. गोळी हृदयापासून इंचभर अंतरावर होती.

शेजारी कोसळलेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. २०१४ मध्ये ते वारले, त्याच जखमेमुळे.