सिलिॲक रोग आणि पूरक गोळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही, अशा काही रुग्णांमध्ये पुढे सिलिॲक रोगाचे निदान होते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि पोषकद्रव्ये शोषून घेणारे तेथील सूक्ष्म उंचवटे सपाट होत जातात. ही हानी बहुधा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सर्वांत जास्त असते. लोह आणि फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) मुख्यतः तेथेच शोषले जात असल्याने त्यांचा तुटवडा लवकर जाणवतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि जस्तही कमी पडू शकते. (संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नये, त्याने रक्ततपासणी फसवी येऊ शकते.)

निदानानंतर पहिला उपचार ग्लुटेन वर्ज्य करण्याच्या पथ्याचाच. ग्लुटेन चालू असताना घेतलेली गोळी नीट अंगी लागत नाही. पथ्य सुरू झाल्यावरही अस्तर भरून यायला प्रौढांत अनेक महिने, कधी काही वर्षे जातात, आणि पूरक गोळ्यांची खरी गरज या मधल्या काळात असते. ‘एखादी मल्टिव्हिटॅमिन घ्या’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण ज्याचे लोह फार खालावले आहे, त्याला तिच्यातले लोह पुरत नाही. बी-१२ न तपासता नुसते फोलिक ॲसिड (गोळीतले फोलेट) घेतले, तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा आपल्याकडे सहसा आठवड्यातून एकदा लिहून देतात. ती गैरसमजाने रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा नको.

तयार ग्लुटेनमुक्त पदार्थ पुष्कळदा तांदळाचे पीठ आणि स्टार्च यांचेच असतात. त्यांच्यापेक्षा १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी बरी, मात्र गहू दळणाऱ्या गिरणीत ती दळून आणू नये. बाजारातल्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. गोळी बांधण्यासाठी वापरलेला स्टार्चही क्वचित गव्हाचा असू शकतो, तेव्हा नवी गोळी सुरू करताना औषधविक्रेत्याकडे त्याची चौकशी करावी.