तान्ह्या हृदयातल्या नळ्या

नमस्कार मंडळी. आपल्याला वाटतं की तान्ह्या बाळाचं हृदय म्हणजे मोठ्या माणसाच्या हृदयाची मिनी कॉपी, साइज वाढली की झालं काम. तसं नाहीये ते, पेशीच्या आतलं बांधकाम जन्मानंतरही चालूच असतं.

हृदयाची पेशी आकसायला कॅल्शियम लागतं, हे सिडनी रिंगर या डॉक्टरनं लंडनमध्ये 1883 साली दाखवलं, तेही जरा अपघातानंच, बेडकाचं हृदय ज्या पाण्यात छान धडधडत होतं ते डिस्टिल्ड नव्हतंच, साधं नळाचं निघालं, आणि त्यात कॅल्शियम होतं! तर आता लॅबमधल्या उंदराचं पिल्लू घ्या. जन्मताना त्याची हृदयपेशी इतकी बारीक असते की बाहेरून शिरलेलं कॅल्शियम थेट मध्यापर्यंत पोचतं, एका खोलीचं घर, दार उघडलं की सगळीकडे उजेड. पण पेशी वाढून वीसेक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद झाली की पंचाईत, चौक नसलेल्या वाड्याच्या माजघरासारखं मधे काही पोचतच नाही. मग दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पेशीचं बाहेरचं आवरणच जागोजागी आत घुसायला लागतं आणि त्याच्या बारीक नळ्या होतात, टी-ट्युब्युल म्हणतात त्यांना, नाव रुक्ष आहे पण इलाज नाही. आधी वेड्यावाकड्या, मग महिनाभरात साधारण दर दोन मायक्रॉनवर ओळीनं.

नुसत्या नळ्यांनी भागत नाही. पेशीचं स्वतःचं कॅल्शियमचं कोठार असतं, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, ते नळीला जवळजवळ खेटून बसतं, मधली फट पंधराएक नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर), आणि नळीतून चिमूटभर कॅल्शियम आलं की कोठाराची दारं उघडतात. दोघांना असं जवळ धरून ठेवतं जंक्टोफिलिन-2 नावाचं प्रोटीन.

आपल्या तान्ह्या बाळांचं हे कोठार अजून कच्चं असतं, म्हणून त्यांचं हृदय बाहेरच्या कॅल्शियमवर जास्त चालतं, आणि म्हणूनच ते कॅल्शियम अडवणारं व्हेरापामिलचं इंजेक्शन वर्षाच्या आतल्या बाळांना डॉक्टर टाळतात.

कोकराचं वेगळं, त्याच्या नळ्या जन्मतानाच तयार. चिमणीला तर आयुष्यभर नळ्याच नाहीत, तरी हृदय मिनिटाला शेकड्यांनी धडधडतं, कारण पेशीच काडीसारखी बारीक, मला तर हे फार आवडतं.

आणि हार्ट फेल्युअरमध्ये या नळ्या पुन्हा विस्कटतात, काही तर गायबच होतात, पेशी मात्र काही परत बारीक होत नाही.