कुर्डीच्या जयश्रीबाईची लेक

श्रोतेहो, नमस्कार.

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडे. गोव्यातल्या या देवस्थानांची नावं घेतली की आपल्याला पालखी आठवते, चौघडा आठवतो. पालखीपुढे गाणाऱ्या बायकांचा विषय निघाला की मात्र आपण आवाज खाली आणतो. शेस म्हणजे मुलगी देवाला वाहण्याचा विधी, हे आपल्या जुन्याजाणत्यांना सांगायला नको. शेस भरली की मुलगी देवाची. सासर नाही, संसार नाही, असलाच तर यजमान, म्हणजे तिला ठेवणारा धनिक. त्या चालीत शोषण होतं, आणि राजाराम पैंगीणकरांसारख्या त्याच समाजातल्या माणसांनी ती मोडायला आयुष्य वेचलं. पण याच कलावंत घरांत मुलगी शिकत होती, आणि तिने काय शिकायचं ते तिची आई ठरवत होती. आई ठरवत होती, हे ध्यानात ठेवा.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. सांगे तालुक्यातलं कुर्डी तुम्हांला ठाऊक आहे. साळावली धरणाखाली गेलेला हा गाव मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतो, आणि गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. त्या कुर्डीच्या जयश्रीबाई. स्वतः गाणाऱ्या. त्यांना १९०४ साली मुलगी झाली, मोगू. पोर नऊ-दहा वर्षांची होते न होते, तोच आई तिला घेऊन जांबावलीला गेली आणि चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत दाखल करून आली. घरच्या गाण्यावर पोर भागणार नाही, हे त्या बाईला कळत होतं. पण १९१४ साली आई गेली. तू मोठी गायिका होईपर्यंत माझा जीव तुझ्याभोवतीच घुटमळत राहील, असं जाताना ती लेकीला म्हणाली, अशी आठवण सांगतात.

दहा वर्षांची पोरकी मुलगी, श्रोतेहो! पुढे ती मंडळीही बुडाली. मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. तिथे तिने सुभद्रेची भूमिका केली, नाव झालं, पण मोठ्या नटीशी पटेना. ती बाहेर पडली, आजारी पडली आणि मावशीबरोबर औषधपाण्यासाठी सांगलीला आली. तिथे शिकवणारे एक खाँसाहेब मिळाले, त्यांनीही मध्येच शिकवणं थांबवलं. मोगू थांबली नाही. जेवढं हाती होतं, तेवढ्यावर रोज रियाज.

त्याच सांगलीत आणखी एक गृहस्थ उपचारांसाठी आले होते. मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपणहून तिला शिकवू लागले. ते होते अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली गायकीचे अल्लादिया खाँ! दीडएक वर्ष तालीम झाली, खाँसाहेब मुंबईला गेले, पाठोपाठ मोगूही गेली. आणि तिथे दार बंद. खाँसाहेबांनी दुसऱ्या कुणाला शिकवू नये, अशी अट घातली गेली होती. मग मोगूबाई विलायत हुसेन खाँकडे शिकल्या, खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, आणि अखेर १९३४ साली अल्लादिया खाँनी त्यांना गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या केलं. सांगलीपासून गंड्यापर्यंत पंधराएक वर्षं. पंधरा वर्षं!

हल्ली आईबापांना सहा महिन्यांत मुलगी टीव्हीवर दिसायला हवी असते. आणि रियाजाला तंबोरा कुठला, तर मोबाइलमधला. मला हे पटत नाही. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, हाताने लावल्याशिवाय, खुंटी पिळून तार जुळवल्याशिवाय कान तयार होत नाही. घरात तंबोरा असेल तर माळ्यावरून खाली काढा.

असो. केरीच्या केसरबाई, मालप्याच्या अंजनीबाई, कुर्डीच्या मोगूबाई, सगळ्या याच कलावंत परंपरेतल्या. आणि गाण्यापुरतंच कशाला? १९७३ साली गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झालेल्या शशिकलाताई काकोडकर गोमंतक मराठा समाजाच्याच, म्हणजे याच समाजाच्या.

मोगूबाईंनी आपल्या मुलीला, किशोरीताईंना, स्वतः शिकवलं. पुन्हा आईच! किशोरीताई आमोणकरांना लोक हट्टी म्हणाले, तऱ्हेवाईक म्हणाले. मला ते कधीच मान्य झालं नाही. आईच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या या मुलीने आयोजक आईला कसं वागवतात, बिदागी कशी देतात, उतरायला कुठे जागा देतात, हे सगळं पाहिलं होतं. पुढे मैफिलीच्या अटी त्या स्वतः घालू लागल्या, आणि आयोजकांना त्या पाळाव्या लागल्या.

नमस्कार.