मीटरवरचा तो पाना नेमका कधी लागतो?

किल्ली फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि विझतात. आज एक मागे राहिलाय बघा, छोटासा पाना, आणि त्याच्या बाजूला आलंय, सर्व्हिस १,२०० किलोमीटरनंतर. मागच्या आठवड्यात हाच आकडा १,९०० होता, आणि मधल्या दिवसांत गाडी चाललीये फक्त ३०० किलोमीटर. म्हणजे खरं तर १,६०० दिसायला हवे होते ना, मग मधले ४०० गेले कुठे?

खूप जणांना वाटतं की इंजिनात ऑइल तपासणारं काहीतरी यंत्र बसवलेलं असणार, ते ऑइल काळं झालं की सांगत असणार. बहुतेक गाड्यांमध्ये असं काही नसतं. गाडी ऑइलकडे बघतच नाही, ती बघते तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही तिला कसं चालवताय ते, आणि त्यावरून हिशोब मांडते की ऑइलचं आतापर्यंत काय झालं असेल. मला स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हापासून त्या आकड्याकडे बघायची नजरच बदलली.

आधी साधी पद्धत बघू, कारण अजूनही कितीतरी गाड्या तीच वापरतात. मागची सर्व्हिस झाली तेव्हा मीटर शून्यावर आणलं, तिथून १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. झालं की पाना लावायचा. आत नुसता एक मोजणारा आकडा आणि एक कॅलेंडर. यात वाईट काही नाही, फक्त एक अडचण आहे, की एक गाडी हायवेवर एका दमात २०० किलोमीटर पळते आणि दुसरी रोज सकाळी २ किलोमीटरवर शाळेत पोरांना सोडून परत येते, आणि या दोघींचे १०,००० किलोमीटर या पद्धतीला सारखेच दिसतात.

आता इंजिनाच्या आत जाऊया. सकाळी गार इंजिन चालू केलं की पेट्रोल नीट वाफ होत नाही, म्हणून गाडी थोडं जास्तच पेट्रोल सोडते. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पेट्रोल जळल्यावर पाणी तयार होतं, तेही वाफेच्या रूपात खाली येतं आणि गार लोखंडाला लागून थेंब होऊन बसतं. ऑइल चांगलं तापलं की हे पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं, पण त्याला वेळ लागतो, आणि इथेच गंमत आहे, टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, तापलं, ऑइल अजून मागेच असतं. २ किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. आलेला माल बाहेर जात नाही, रोज थोडा थोडा साठत जातो. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कधी पिवळसर पांढरी साय दिसते ना, ती याच पाण्याची.

दुसऱ्या टोकाला आहे उष्णता. भरलेली गाडी चढावर ओढत नेली की ऑइल खूप तापतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची जोडी जमते आणि ते घट्ट व्हायला लागतं. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणजे ऑइल गारही सोसत नाही आणि फार तापलेलंही सोसत नाही, मधल्या पट्ट्यात, एका लयीत चाललेल्या इंजिनात ते सगळ्यात जास्त टिकतं.

हे सगळं धरून हिशोब मांडायचं काम जनरल मोटर्सच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात केलं. ऑइलमध्ये सेन्सर न टाकता त्यांनी इंजिनाचे फेरे मोजायला घेतले. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, किती वेळा फिरली हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला तसंही माहीत असतं, नाहीतर त्याला स्पार्क कधी द्यायचा ते कळलंच नसतं. नव्या ऑइलला फेऱ्यांची एक शिल्लक द्यायची, बँकेत पैसे ठेवल्यासारखी, आणि प्रत्येक फेऱ्याला त्यातून थोडं काढायचं. ऑइल मधल्या पट्ट्यात असताना एका फेऱ्याला एक. गार असताना किंवा फार तापलेलं असताना त्याच एका फेऱ्याला दंड लावून जास्त काढायचं. शिल्लक शून्यावर आली की ऑइल बदला. वरून वर्षाची मर्यादा वेगळी, कारण नुसत्या उभ्या गाडीचं ऑइलही कायम तसंच राहत नाही.

आता ते हरवलेले ४०० किलोमीटर शोधूया. ट्रॅफिकमध्ये गाडी उभ्या उभ्या चालू आहे, इंजिन ८०० आरपीएमवर. म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, तासाला ४८,०००. ओडोमीटर शून्य किलोमीटर सांगतो, इंजिन ४८,००० फेरे फिरलेलं असतं. तेच हायवेवर २,००० आरपीएमला ताशी ८० ने गेलात तर तासाला १,२०,००० फेरे, पण ८० किलोमीटर पुढे, म्हणजे किलोमीटरमागे फक्त १,५००. आता गर्दीत ताशी १० ने सरकताय आणि इंजिन सरासरी १,००० वर आहे असं धरा. तासाला ६०,००० फेरे आणि १० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे ६,०००, चौपट, आणि अजून गार इंजिनाचा दंड त्यात धरलेलाच नाही. ते ३०० किलोमीटर सगळे अशा गर्दीतले आणि छोट्या छोट्या प्रवासांचे असतील तर ४०० कुठे गेले हे विचारायलाच नको. शिवाय पडद्यावर किलोमीटरच दिसायला हवेत म्हणून गाडी उरलेल्या शिलकीचं परत किलोमीटरमध्ये रूपांतर करते, ते बऱ्याचदा तुमच्या अलीकडच्या चालवण्यावरून, त्यामुळे आकडा उड्या मारतो. लांबच्या प्रवासाला गेलात की तोच आकडा बराच वेळ हलत नाही असंही वाटेल. मीटर बिघडलेलं नसतं.

बीएमडब्ल्यूने तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच असलं काहीतरी डॅशबोर्डवर आणलं होतं. पाच हिरवे दिवे, एक पिवळा, एक लाल. सर्व्हिस झाल्यावर पाचही हिरवे लागायचे, गाडी वापराल तसा एकेक कमी, मग पिवळा म्हणजे वेळ झाली, लाल म्हणजे वेळ होऊन गेली. पडदा नाही, आकडा नाही, पण बघणाऱ्याला एका नजरेत कळायचं, आणि मला अजूनही ती पद्धत आवडते. त्या दिव्यांची मेमरी मात्र मीटरच्या मागे बसवलेल्या छोट्या बॅटऱ्यांवर जगायची, आणि काही वर्षांनी त्या बॅटऱ्या मेल्या की दिवे रिसेटच व्हायचे नाहीत.

मग ऑइल खरोखर तपासणारं कोणी नव्हतंच का? होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजने ऑइलच्या तळाशी एक सेन्सर बसवला. दोन धातूचे पृष्ठभाग, मध्ये थोडी फट, फटीत ऑइल, आणि या जोडीत विजेचा भार किती साठतो ते मोजायचं. ज्या गुणामुळे भार कमीजास्त साठतो तो ऑइलमध्ये असतो साधारण २ च्या आसपास, आणि पाण्यात जवळजवळ ८०. त्यामुळे थोडंसं पाणी शिरलं किंवा ऑइल उष्णतेने खराब झालं की आकडा वर सरकतो. भारी कल्पना आहे. पण पेट्रोलचा आकडाही २ च्या आसपासच, म्हणजे पेट्रोल मिसळलेलं या सेन्सरला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून सेन्सर असला तरी हिशोब सुटत नाही, दोन्ही हातात हात घालून चालतात.

डिझेलची कथा अजून वेगळी. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, ती भरली की गाडी तिच्यातली काजळी जाळून टाकते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता आणायला कितीतरी गाड्या सिलिंडरमध्येच उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, आणि डिझेल पेट्रोलसारखं सहज उडून जात नाही. जाळणं अर्धवट असताना तुम्ही घरी पोचून गाडी बंद केली, दुसऱ्या दिवशी परत तेच, की ऑइलची पातळी चक्क वाढायला लागते. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, वाढलं तर खूश होतो, इथे वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल. अशा गाड्या किती वेळा काजळी जाळली तेही हिशोबात धरतात, आणि पाना लवकर लागतो.

ऑइल सोडून बाकीचं पटकन बघू. होंडाच्या गाड्या ऑइलचं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, १५ टक्क्यांवर पाना लागतो आणि त्यासोबत एक अक्षर आणि आकडे येतात, ए म्हणजे ऑइल, बी म्हणजे ऑइल, सोबत ऑइल फिल्टर आणि तपासण्या, १ म्हणजे टायरची जागा बदलून लावणं, २ म्हणजे एअर फिल्टर वगैरे, असं. ब्रेक ऑइल मात्र कॅलेंडरवरच चालतं, कारण ते हवेतलं पाणी शोषत राहतं, गाडी चालो न चालो. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना कमीत कमी २३० अंश लागतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत चालतो, एवढा फरक. उतारावर ब्रेक तापले आणि ते उकळलं तर पायाखाली पेडल मऊ लागतं, आणि ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

ब्रेक पॅडचं मला सगळ्यात कौतुक वाटतं. बीएमडब्ल्यूच्या नंतरच्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर अंदाज लावतो, ब्रेक किती जोरात दाबला, किती वेळ, वेग किती होता, त्यावरून पॅड किती घासला असेल. आणि पॅडच्या आत दोन वेगवेगळ्या खोलीवर बारीक तार पुरलेली असते. पॅड घासत घासत पहिल्या खोलीला आला की चाकाबरोबर फिरणारी डिस्क ती तार कापते, आणि कॉम्प्युटरला कळतं की आत्ता पॅड नक्की एवढाच उरलाय, मग तो आपला अंदाज दुरुस्त करतो. दुसरी तार तुटली की थेट इशारा. आणि तार तुटलेली असताना कोणी नुसतंच रिसेट करायला गेलं तर गाडी ते घेत नाही, आधी नवा सेन्सर बसवा म्हणते.

ऑइलच्या बाबतीत तसं होत नाही. रिसेट केलं की गाडी विश्वास ठेवते. ऑइल बदललंय का, कोणत्या ग्रेडचं टाकलंय, किती टाकलंय, काही विचारत नाही. आणि फेरे मोजणारा हिशोब पातळी बघत नाही हे तर मी स्वतः अनुभवलंय. एका लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री सहज बॉनेट उघडलं, पडद्यावर ऑइल लाइफ ६२ टक्के, मस्त. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली, पुसली, परत घातली, काढली, तर टोकाला जेमतेम एक थेंब, खालच्या खुणेच्याही खाली. इंजिन ऑइल खात होतं. ६२ टक्के आयुष्य होतं ते बरोबरच होतं, फक्त ते ज्या ऑइलचं होतं ते निम्मं संपलेलं होतं. काही गाड्यांत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, पण आपल्या गाडीत आहे का हे माहीत नसेल तर महिन्यातून एकदा ती पट्टी बाहेर काढून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी गॅरेजमध्ये येऊ. खालचा बोल्ट सुटलाय, काळं ऑइल धारेने खाली पडतंय, मग धार बारीक, मग थेंब. नवा फिल्टर, त्याच्या रबरी रिंगेला बोटाने थोडं ऑइल, हाताने आवळला. बोल्ट परत लावला. मग वरून नवं ऑइल. जनरल मोटर्सच्या कितीतरी गाड्यांत पुढचं असं असतं, इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि पाच सेकंदांच्या आत अॅक्सिलरेटर तळापर्यंत तीनदा दाबून सोडायचा. एक, दोन, तीन. पडद्यावर आलं १००. आता इंजिन थोडा वेळ चालू, मग बंद, ऑइल खाली उतरेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि पट्टी बाहेर. मधाच्या रंगाचं, पारदर्शक, बरोबर दोन खुणांच्या मध्ये.