रंग फाईलमध्ये राहू द्या

आत्ता स्क्रीनवर जे होतंय ते नीट बघा. पॉवरपॉइंटमधलं भलंमोठं प्रेझेंटेशन आहे, थीमचे, म्हणजे सगळ्या फाईलसाठी एकत्र ठरवलेले, रंग बदलायला एक क्लिक केलं आणि शीर्षकं, चार्टचे बार, टेबलांची हेडर, बाण, सगळं एका झटक्यात निळ्याचं हिरवं झालं, कुणी एकेक बॉक्स सिलेक्ट करत बसलं नाही. पण या चार्टमधला डावीकडून दुसरा बार बघा. तो निळाच राहिला.

का राहिला ते बघायला फाईलच्या पोटात जाऊ. फाईलची कॉपी करायची, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथं झिप लिहायचं आणि उघडायचं. आत फोल्डर आहेत, त्यात एक्सएमएलच्या साध्या टेक्स्ट फायली. जे बार हिरवे झाले त्यांच्या नावापुढं लिहिलंय ‘अॅक्सेंट १’, म्हणजे थीममध्ये त्या जागेवर जो रंग असेल तो. आणि न बदललेल्या बारपुढं सरळ हेक्स कोड, म्हणजे एका ठरावीक रंगाचा आकडा, ४४७२सी४. कुणीतरी मोअर कलर्समध्ये जाऊन तो हाताने टाकलाय किंवा आयड्रॉपरने दुसरीकडून उचललाय. दिसायला दोन्ही निळे सेम होते, पण याचं थीमशी काही देणंघेणंच उरलेलं नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या रंगांचे बहुतेक घोळ इथंच सुरू होतात.

जुन्या एक्सेलमध्ये, म्हणजे २००३ पर्यंत, एका वर्कबुकला ५६ रंग मिळायचे, बस. ऑफिस २००७ आलं आणि वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट तिघांना एकच थीम मिळाली. थीममध्ये रंगांच्या १२ जागा असतात: चार मजकूर आणि पार्श्वभूमीच्या, सहा अॅक्सेंट, दोन लिंकच्या. आपण रंग निवडायला जातो तिथं मात्र दहाच कॉलम दिसतात कारण लिंकचे दोन तिथं दाखवत नाहीत. आणि अॅक्सेंटच्या खाली उभ्या रांगेत ज्या पाच शेड दिसतायत ना, त्या आपण द्यायच्याच नसतात, प्रोग्रॅम स्वतः काढतो, ८०, ६०, ४० टक्के फिकट आणि २५, ५० टक्के गडद. म्हणून अॅक्सेंटच्या जागा त्याच रंगाच्या फिकट शेडवर वाया घालवू नका, सहा खरोखर वेगळे रंग द्या.

आता बनवूया. पॉवरपॉइंटमध्ये डिझाइन टॅब, व्हेरिएंट्सचा बाण, कलर्स, खाली कस्टमाइज कलर्स. वर्डमध्ये डिझाइन टॅबवरच कलर्स आहे, एक्सेलमध्ये पेज लेआउटवर. लोगोचा मुख्य रंग अॅक्सेंट १ मध्ये जाऊ द्या, कारण नवीन चार्टचा पहिला बार आणि नवीन काढलेला आकार तोच रंग घेतो. नाव द्या, सेव्ह करा.

लिबरऑफिस या ऑफिससारख्याच मोफत प्रोग्रॅमची पद्धत आम्हाला जास्त आवडते, कारण तिथं पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, ही कुणीही उघडून वाचावी अशी टेक्स्ट फाईल. पहिल्या ओळीत इंग्रजीत जिम्प पॅलेट, मग पॅलेटचं नाव, मग एका ओळीत एक रंग: लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे आणि पुढं रंगाचं नाव. बघा, ३१ ७८ १२१, आणि नाव टाकलं ‘शीर्षक’. ‘गडद निळा’ नाही टाकलं, कारण पुढच्या वर्षी ब्रँडचा रंग बदलला तर आकडे बदलतील, काम तेच राहील. फाईल डॉट जीपीएल म्हणून सेव्ह करायची, युजर प्रोफाइलच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये टाकायची, प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा, आणि ही आली यादीत. एक लक्षात ठेवा, इथून उचललेला रंग डॉक्युमेंटमध्ये थेट आकडा म्हणून बसतो, म्हणून तो मजकुराला न लावता स्टाइलला, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या फॉरमॅटिंगला, लावा, मग स्टाइल बदलली की सगळीकडे बदलतो. ७.६ आवृत्तीपासून लिबरऑफिसमध्ये थीमचे रंगही आलेत.

पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षरं लिहिली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, साधारण ४ला १ येतो, साध्या मजकुराला ४.५ला १ लागतो, आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांना तुमचा नफा-तोट्याचा चार्ट कळणारच नाही, तेव्हा पॅलेट वाटण्याआधी हे तपासा.

वाटायचं कसं, तर ऑफिसमध्ये सेव्ह केलेले थीमचे रंगसुद्धा एक छोटी एक्सएमएल फाईलच असते, डॉक्युमेंट थीम्समधल्या थीम कलर्स फोल्डरमध्ये. ती टीममधल्या प्रत्येकाला पाठवा आणि त्यांच्याकडच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. दुसऱ्या फाईलमधून स्लाइड आणताना पेस्ट ऑप्शनमध्ये ‘डेस्टिनेशन थीम’ निवडा, नाहीतर परके रंग सोबत येतात. आणि तो निळा बार? तो सिलेक्ट करून, शेप फिलमध्ये जाऊन वरच्या ओळीतला अॅक्सेंट १ द्यायचा. असे हाताने रंगवलेले जितके असतील तितके एकदा हातानेच निस्तरावे लागतात.