पापुद्रा

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा खरचटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर खपली धरते. ती कुणी लावत नाही. रक्तच गोठतं, वाळतं आणि जखमेवर झाकण होऊन बसतं. लहानपणी ती नखाने उचकटायचा मोह कुणाला झाला नाही? उचकटली की पुन्हा रक्त आणि पुन्हा नवी खपली.

आज मी तुमच्याशी अशाच दोन खपल्यांविषयी बोलणार आहे. एक आहे तुमच्या फोनच्या बॅटरीत. दुसरी धरते ती काही नव्या प्रकारची औषधं रक्तात शिरली की त्यांच्या कणांवर. दोन्ही इतक्या पातळ की केसाच्या जाडीत अशा हजारो एकावर एक मावतील. दोन्ही कुणी मुद्दाम चढवलेल्या नाहीत, आपसूक धरलेल्या. म्हणून त्यांना खपलीपेक्षा पापुद्रा म्हणणं मला जास्त बरं वाटतं. नव्या संशोधनाच्या बातमीत नेहमी पदार्थाचं नाव येतं. अमुक धातूची बॅटरी, तमुक रेणूचं औषध. पापुद्र्याचं नाव सहसा येत नाही. पण बॅटरी किती वर्षं टिकणार आणि औषध शरीरात कुठे पोहोचणार, हे बरंचसं तोच ठरवतो.

आधी बॅटरीकडे जाऊ.

लिथियम-आयन बॅटरीत दोन बाजू असतात, एक धन आणि एक ऋण. मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघतात, द्रवातून पोहत ऋण बाजूला येतात आणि तिथे ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीत असतं तेच. पानांची चळत असावी तशी त्याची रचना, आणि पानापानांमध्ये लिथियमला बसायला जागा. कल्पना सोपी आहे. पण बरीच वर्षं ती चालत नव्हती.

कारण होतं मधला द्रव. तेव्हा सगळे प्रॉपिलीन कार्बोनेट नावाचा द्रव वापरत. या द्रवाचे रेणू लिथियमचं बोट धरून ग्रॅफाइटच्या पानांत घुसायचे आणि सगळी चळत विस्कटून टाकायचे. ग्रॅफाइटचा अक्षरशः भुगा व्हायचा. त्याच कुळातला दुसरा पदार्थ आहे इथिलीन कार्बोनेट. दोघांच्या रेणूंत फरक फक्त एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा. पण इथिलीन कार्बोनेट सुमारे ३६ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते चक्क घन असतं. द्रव हवा असताना घन पदार्थ कोण हातात घेणार? कॅनडात जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिलं, की हेच इथिलीन कार्बोनेट मिसळलेल्या द्रवात ग्रॅफाइट शाबूत राहतं. पुढच्याच वर्षी सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात मात्र ग्रॅफाइट नव्हतं, निराळ्या, अस्ताव्यस्त रचनेचा कार्बन होता. ग्रॅफाइटचा जम नंतर बसला आणि मग असा बसला, की आज बहुतेक बॅटऱ्यांत तेच आहे.

इथिलीन कार्बोनेटने असं केलं तरी काय? ते मेलं. अगदी पहिल्यांदा चार्ज करताना ऋण बाजूचा विद्युत दाब असा असतो, की कुठलाच द्रव तिथे धड टिकत नाही. तो फुटतो. इथिलीन कार्बोनेट फुटलं की त्याचा चुरा ग्रॅफाइटच्या तोंडाशी बसतो आणि त्याचा एक घट्ट पापुद्रा होतो. तो लिथियमला आत सोडतो, इलेक्ट्रॉनला बाहेर येऊ देत नाही. इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत की पुढचा द्रव फुटायचा थांबतो. आगीवर तिचीच राख साठावी आणि आग विझावी, तसं. प्रॉपिलीन कार्बोनेटही फुटतं, पण त्याच्या चुऱ्याचा असा पापुद्रा होत नाही.

या पापुद्र्याला नाव दिलं इस्राएलचे इमॅन्युएल पेलेड यांनी, १९७९ मध्ये. नाव लांबलचक आहे, सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज. बॅटरीवाले नुसतं एसईआय म्हणतात. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण पापुद्र्याला नोबेल नसतं. आपोआप घडणाऱ्या गोष्टीचं श्रेय देणार कुणाला?

आता पुढची पंचाईत. हा पापुद्रा बघायचा कसा? बॅटरी उघडली, धुतली, वाळवली की तो बदलतो. लिथियम हवेला टेकलं की लगेच हवेतल्या वायूंशी आणि बाष्पाशी त्याची रासायनिक क्रिया सुरू होते. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरावं तर इलेक्ट्रॉनच्या झोताने ते वितळतं. त्यामुळे पापुद्रा आहे, तो अमुक पदार्थांचा आहे, हे आडवळणाने कळत होतं. पण त्यातला कुठला कण कुठे बसलाय, हे कुणी धड पाहिलं नव्हतं.

इथे मदतीला आले ते बॅटरीशी काडीचाही संबंध नसलेले लोक. जीवशास्त्रवाले!

त्यांचीही अडचण तीच होती. प्रथिनं, विषाणू हे सगळं पाण्यात असतं. सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात पाणी उडून जातं. गोठवावं तर बर्फाचे स्फटिक होतात, नमुना फाडतात आणि चित्रही बिघडवतात. स्वित्झर्लंडचे जॅक दुबोशे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली. पाण्याचा पातळ पडदा अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटक्यात बुडवायचा, की पाण्याच्या रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. ते जिथल्या तिथे थिजतात. बर्फ होत नाही, पाण्याची काच होते. त्या काचेत विषाणू जसाच्या तसा अडकतो. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचा पाया तो हाच. २०१७ मध्ये दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना नोबेल जाहीर झालं. २०२० च्या फेब्रुवारीत नव्या कोरोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचं चित्र जगापुढे आलं, तेही याच तंत्राने.

आणि गंमत बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये हे नोबेल जाहीर झालं आणि त्याच महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यी त्स्वी यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यांनी विषाणूच्या जागी लिथियम गोठवलं होतं. चार्ज करताना लिथियम कधीकधी सुयांसारखं वाढतं आणि त्या सुया पलीकडच्या बाजूला टेकल्या तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी पेट घेऊ शकते. गोठवलेल्या नमुन्यात ती सुई अणूच्या पातळीपर्यंत दिसली. सुंदर पैलू पाडल्यासारखा एकसंध स्फटिक. तिच्यावरचा पापुद्राही दिसला. साध्या द्रवात तो गोधडीसारखा होता, घडीव कण इकडेतिकडे विखुरलेले. त्यात फ्लोरीन असलेला एक जादा घटक घातला की तोच पापुद्रा नीट थर लावल्यासारखा होत होता.

पण यातही नमुना धुऊन वाळवलेला होता. खोट होती ती तिथेच. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच मंडळींनी तो द्रवासकट गोठवला, तेव्हा लक्षात आलं, की ओला पापुद्रा द्रव पिऊन फुगलेला असतो आणि जितका जास्त फुगलेला तितकी बॅटरी कमी चांगली चालते. इतकी वर्षं आपण सुकलेल्या पापुद्र्याकडे बघून ओल्याचे अंदाज बांधत होतो.

नीट धरला तर पापुद्रा मनासारखा वळवता येतो का? बॅटरी कारखान्यात तयार झाली की तिला पहिलं चार्जिंग अगदी हळू देतात. सुमारे १० तास. पापुद्रा सावकाश, नेटका धरावा म्हणून. या पापुद्र्यात थोडं लिथियम कायमचं अडकतं, नेहमीच्या पद्धतीत ९ टक्क्यांच्या आसपास, आणि ही नासाडी कमीत कमी व्हावी असा सगळ्यांचा आटापिटा. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड आणि तिथल्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी उलटं करून पाहिलं. पहिलंच चार्जिंग जोरदार विजेने, २० मिनिटांत. जवळपास ३० टक्के लिथियम पापुद्र्यात गेलं. बॅटरी लवकर मरायला हवी होती. तिचं आयुष्य सरासरी ५० टक्क्यांनी वाढलं! पापुद्र्यात जास्त लिथियम गेल्यामुळे धन बाजूत काही जागा कायम मोकळी राहते. ती बाजू दरवेळी काठोकाठ भरली जात नाही आणि झीज होते ती नेमकी काठोकाठ भरताना. काटकसर करायला गेलो तर नुकसान, सढळ हाताने खर्च केला तर फायदा. असा निकाल हाती आला की प्रयोग करणारा आधी आपली उपकरणंच तपासत असणार.

आता शरीराकडे वळू. वाटेत एका धातूला भेटून. स्वीडनचे पर-इंगवार ब्रोनमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटेनियमची एक नळीवजा खिडकी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला चिकटून बसलं होतं. टायटेनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश, जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि हाडाची गाठ प्रत्यक्षात त्या पापुद्र्याशी पडते, धातूशी नाही. १९६५ पासून माणसांच्या जबड्यात टायटेनियमचे दात रोवले जाऊ लागले, ते या न निघालेल्या नळीमुळे.

रक्तातला पापुद्रा याहून चंचल आहे. एमआरएनए लसी आपल्याला आता माहीत आहेत. एमआरएनए हा निरोप घेऊन जाणारा रेणू. उघडा सोडला तर रक्तात त्याचे तुकडे होतात. म्हणून त्याला चरबीच्या चार प्रकारच्या रेणूंच्या गोळीत गुंडाळतात. ही गोळी साधारण १०० नॅनोमीटरची. चारांतला मुख्य रेणू हुशार आहे. रक्तात तो विद्युतभाररहित, निरुपद्रवी असतो. पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत पोचला की त्यावर धनभार येतो आणि तो पिशवी फोडायला लागतो. ही गोळी लसीसाठी शोधली गेली असं अनेकांना वाटतं. तशी ती नाही. अशा गोळीतून दिलेलं पाटिसिरॅन हे औषध २०१८ मध्येच मान्य झालं होतं, मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारासाठी.

शिरेतून दिलेल्या या गोळ्या बहुतेक यकृतातच जातात. त्यांच्यावर यकृताचा पत्ता कुणी लिहिलेला नसतो. रक्तात शिरल्यावर गोळीच्या बाहेरचं एक आवरण हळूहळू गळून पडतं आणि त्या जागी रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन येऊन चिकटतं. यकृताच्या पेशी हे प्रथिन ओळखतात. त्या गोळीला आत घेतात ते चरबीचा आपलाच कण समजून. म्हणजे पत्ता लिहिला तो रक्ताने, पापुद्र्यावर.

परक्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिनं कशी बसतात याचा छंद लिओ व्ह्रोमन यांना होता. रक्ताचे अभ्यासक आणि डच भाषेतले नावाजलेले कवी. त्यांनी दाखवलं, की आधी विपुल, चपळ प्रथिनं जागा पटकावतात आणि मग जास्त घट्ट धरणारी येऊन त्यांना उठवतात. गर्दीच्या गाडीतल्या बाकड्यासारखा प्रकार. तेव्हा पापुद्रा एक नसतो, मिनिटामिनिटाला निराळा असतो.

मग पत्ता बदलता येईल का? टेक्सासमधल्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने २०२० मध्ये चार रेणूंत पाचवा मिसळला. पाचवा धनभाराचा असला तर गोळ्या फुप्फुसात गेल्या, ऋणभाराचा असला तर प्लीहेत. पुढच्या वर्षी कारण कळलं. प्रत्येक प्रकारच्या गोळीवर रक्तातली निराळी प्रथिनं बसत होती. फुप्फुसाच्या गोळ्यांवर व्हिट्रोनेक्टिन, यकृताच्या गोळ्यांवर तेच जुनं अपोलिपोप्रोटीन ई. पापुद्रा त्यांनी बनवला नाही. कुठला धरावा हे मात्र सुचवलं. बॅटरीच्या द्रवात फ्लोरीनचा घटक घालणाऱ्यांनी याहून वेगळं काय केलं होतं?

मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाहून एक बातमी आली. यकृतातलं एक विकर न बनल्यामुळे ज्याच्या रक्तात अमोनिया साठत होता अशा एका बाळासाठी, त्याच्या एकट्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध सुमारे सहा महिन्यांत तयार करून दिलं गेलं. बातमी सगळी जनुक संपादनाची होती आणि ते साहजिक आहे. पण दोष यकृतात होता म्हणून हे जमलं. गोळी तिथे आपली आपण जाते. हाच दोष मेंदूत असता तर तेच संपादन दारापर्यंतही पोचलं नसतं.

आणि दारात पोचून तरी काय? २०१३ मध्ये संशोधकांनी मोजून पाहिलं होतं. अशा गोळ्यांनी पेशीत नेलेल्या आरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्केच त्या आम्लधर्मी पिशवीतून निसटून कामाच्या जागी पोचतो. बाकीचा पेशीच्या कचरापेटीत जातो. तरीही लसी चालतात, तरीही पाटिसिरॅन चालतं, एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर. रक्ताचा पापुद्रा वळवणं थोडंफार जमू लागलंय. ही पिशवी म्हणजे पेशीचा स्वतःचा पापुद्रा, अवघा काही नॅनोमीटरचा, आणि शंभरातला तिसरा रेणू त्यातून बाहेर कसा काढायचा यावर सध्या बऱ्याच प्रयोगशाळांत खटपट चालू आहे.

नमस्कार.