कातरियुं : दांडिया बाजारातल्या घराचा माळा

वरून ही उजेडाची पट्टी येतेय ना, ती काचेच्या कौलातून. बाकी सगळा काळोख, आणि त्या पट्टीत तरंगणारी धूळ. हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय, कारण बडोद्यातल्या आमच्या या घराचा माळा आम्हीसुद्धा असा आतून कधी बघितला नव्हता. गणपतीच्या आधी काका शिडी लावायचे, झडपेतून हात घालून गौरींची पेटी ओढायचे, बस्स. आत पाय ठेवायचा नाही, ठेवला तर थेट देवघरात.

आपण माळा म्हणतो, आमचे मिस्त्रीकाका कातरियुं म्हणतात. दांडिया बाजारात दोन्ही चालतं.

आता कौलाची खालची बाजू बघा, जवळून. छाप दिसतोय? मंगलोरी कौल. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना टाकला आणि मग ही कौलं कुठे कुठे पोचली बघा. खाली रीपा, रीपांखाली वासे, वर मधोमध आढं. सगळा वलसाडी साग. मिस्त्रीकाकांनी वाशात टोच्या खुपसून बघितला, तो आत जाईना, मग कॅमेऱ्याकडे बघून हसले. "आ तो साग छे, बेन." उधई, म्हणजे वाळवी, फक्त एका कोपऱ्यात निघाली, जिथे फुटक्या कौलातून पाणी येत होतं, तेवढा तुकडा कापून बदलला. आणि या अशा घराला लोक येऊन सांगतात की कमकुवत झालंय, पाडा, वर चार फ्लॅट निघतील.

माळ्याची गरज का पडली ते थोडक्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २५ फुटांवरून ३५ च्या वर गेली, आत्याचा फ्लॅट तळमजल्यावर, घरात कमरेएवढं पाणी. त्याचं शूटिंग नाहीये, तेव्हा कोणाला सुचतंय. जे वाचलं ते इथे आलं.

आता खरं काम. खाली ज्या कड्या, म्हणजे आडवी लाकडं, दिसतायत त्या ४ इंच उंचीच्या, दोन-दोन फुटांवर, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत १० फूट. त्या फक्त छताच्या फळ्या धरून ठेवायला आहेत, वर ट्रंका ठेवायला नाहीत, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात, कड्यांवर सरळ प्लाय ठोकतात, सामान भरतात, आणि दोन वर्षांनी खालचं छत पोट सुटल्यासारखं दिसायला लागतं. मिस्त्रीकाकांनी जुन्या कड्यांना हात लावला नाही. प्रत्येक कडीच्या शेजारी ६ इंच उंचीची नवीन कडी, दोन्ही टोकं भिंतीत नीट बसवलेली, आणि खालच्या फळ्यांपासून अर्धा इंच वर, म्हणजे वजन भिंतींवर जाणार, छत आपलं स्वतःपुरतं. ४ ची ६ झाली म्हणजे दीडपट झाली असं वाटतं ना, पण रुंदी तीच ठेवून उंची दीडपट केली की लाकूड वाकायला तिपटीहून जास्त कडक होतं. हे मला इंजिनिअर भावानं कागदावर करून दाखवलं, मिस्त्रीकाकांनी फळीवर उभं राहून.

नवीन म्हणतेय पण लाकूड नवीन नाही, वखारीतून आणलेलं जुनंच आहे. हा शॉट थांबवून बघा, कडीच्या अंगावर या चौकोनी खाचा. आधीच्या घरात इथे दुसऱ्या लाकडाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं निमुळतं टोक, बसायचं. ते घर आमच्या मागच्या गल्लीतलं. पाडलं. आता तिथे पार्किंग आहे.

पुढे.

८ बाय ४ ची १८ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय, एकेक शीट तीस किलोच्या वर, आणि आमची झडप जेमतेम अडीच फुटांची, त्यामुळे सगळ्या शीट खाली ओट्यावर कापल्या, दोन फूट रुंद चार फूट लांब. सांधा कडीवरच यायला हवा, मध्ये लोंबकळत ठेवला तर पाय पडला की कडकन मोडणार. (इथे नुसता ड्रिलचा आवाज) खिळे नाही मारले. हातोड्यानं घर हादरतं, कौलं सरकतात, खालच्या छताचे जुने खिळे ढिले होतात. आधी भोक, मग स्क्रू, आणि स्क्रूला साबण, कारण जुना साग एवढा कडक की कोरडा स्क्रू अर्ध्यात मान मोडतो. साबण अंघोळीचाच होता, आई चिडली.

कडेला बघा, प्लाय भिंतीपर्यंत नेलीच नाही. वळचणीकडे फूटभर मोकळं सोडलंय, हवा खेळायला. ते बंद केलं की पावसाळ्यात आतला दमटपणा आतच राहतो आणि वाशांची टोकं कुजायला लागतात. आणि आढ्याचं पाणी शेवटी वळचणीलाच येतं, तेव्हा तिथे डोकं घालून बघता आलं पाहिजे, शाकारणीला माणूस जाऊ शकला पाहिजे. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग पण काढली, इलेक्ट्रिशियन आला त्या दिवशी कॅमेरा माझ्याकडे नव्हता. खर्च झाला, वाटला त्यापेक्षा जास्त.

आता सामान चढतंय. पितळेचा बंब, पाट, चौरंग, रजयांची गाठोडी. जड ते सगळं भिंतीला लागून, मधे हलकं. पुस्तकांचं एक खोकं वीस किलोला सहज जातं, तेही भिंतीशी. फोटो आणि औषधं वर नाही, मे महिन्यात कौलाखाली काय भाजतं ते एकदा अनुभवा.

ही आत्या. शिडी चढून आली, कोणाचं ऐकलं नाही. हातात आहे तो तिचा लग्नातला अल्बम, पानं चिकटलेली आहेत.

(इथे निवेदन नाही)

गौरींची पेटी मात्र जुन्याच जागी, झडपेपासून हातभर. आत एवढी चांगली जमीन झाली तरी काकांना ती शिडीवर उभं राहूनच काढायचीय.